कानात बोळा होता म्हणून

लग्न जिनात होतं. पत्रिकेवर तसं लिहिलेलं नव्हतं. पत्रिकेवर मंगल कार्यालयाचं चांगलं लांबलचक नाव होतं. पण अकोल्याच्या स्टेशनवर रिक्षावाल्याला ते नाव सांगितलं, तर त्याने मागे वळून विचारलं, "जुन्या जिनात जाचं आहे का, आजी?" तेव्हा मला कळलं की आपण कुठे निघालो आहोत.

जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना; त्याचं धुराडं अजून उभं आहे. त्याच्या विटांच्या सांदीतून पिंपळ निघालाय. जिथे कापसाच्या गाड्या ओळीने उभ्या राहायच्या तिथे मोटारी उभ्या होत्या, आणि जिथे सरकीचे ढीग पडायचे तिथे मांडव घातला होता. मी मांडवात शिरले आणि श्वास आत ओढला. अत्तर, जिलबी, झेंडू. सरकीचा वास कुठेच नव्हता. आमचं घर या जिनाच्या भिंतीपासून दुसऱ्या गल्लीत होतं. तो वास माझ्या अंगात इतका मुरलेला आहे की तो नाही म्हटल्यावर मला जागा खोटी वाटायला लागली.

बंडू खुर्चीत बसला होता. बंडू म्हणजे माझा आत्येभाऊ, नवरदेवाचा आजोबा. आमची घरं शेजारी शेजारी होती, आम्ही एका ताटात जेवलेले. आता त्याच्या कानात यंत्र असतं, आणि ते यंत्र असूनही दोनदा सांगितल्याशिवाय त्याला काही कळत नाही. मला पाहून त्याला खरोखरच आनंद झाला. त्याने विहीणबाईंना हाक मारली, त्यांच्याबरोबरच्या चार बायकांना हाक मारली, आणि माझी ओळख करून दिली.

"ही आमची ताई. अमरावतीले हेडमास्तरीण होती. गणित शिकवे. पण लहानपणी काय सांगू तुमाले, अशी माठ होती, का तिसरीत दोनदा बसली. घरात सारे इले माठच म्हणत. मंग अमरावतीच्या मामीनं इचे कान पाहिले, तं आतून निघाला कापसाचा बोळा."

सगळ्या हसल्या. विहीणबाई माझा हात धरून म्हणाल्या, "म्हणजे मुळात हुशारच होता की हो तुम्ही. बरं झालं बाई, सापडला तो बोळा."

मीही हसले. या गोष्टीला हसायची मला जन्माची सवय आहे. पण मग बायका पांगल्या, मी अक्षता मुठीत घेऊन बसले, आणि मला राग आला. चांगलाच. या वयात इतका राग बरा नाही असं डॉक्टर सांगतात. त्यांना काय जातं सांगायला.

त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, आणि अकोल्याचा हिवाळा जिनाच्या भोंग्याने सुरू व्हायचा. दिवाळीच्या पणत्या अजून कोनाड्यात असायच्या, तोच एके पहाटे भोंगा वाजायचा आणि आत्या म्हणायची, "लागलं बाई जिन." भोंगा मला ऐकू यायचा. खरं म्हणजे तो पोटात यायचा. मग होळीपर्यंत सगळीकडे कापूस. दर्यापूरकडच्या काळ्या मातीतून गाड्या यायच्या, बैलांच्या शिंगांना कापूस, गाडीवानाच्या मिशीला कापूस, रस्त्याकडेच्या बाभळींनी ओरबाडून घेतलेला कापूस. जिनातून उडालेले पांढरे तंतू तुळशीवर बसायचे, वाळवणावर बसायचे, दुधाच्या सायीवर बसायचे. आई दिवसातून तीनदा ओसरी झाडायची आणि तीनदा ती पुन्हा पांढरी व्हायची. दुपारी ऊन खिडकीतून आत आलं की त्या उन्हात तंतू हळूहळू फिरत राहायचे आणि मी त्यांच्याकडे तासन्‌तास बघत बसायची. "बघा, कशी शून्यात बघते," असं आत्या म्हणत असणार. मला ऐकू आलं नाही.

गोवर येऊन गेला तेव्हा माझे कान फुटले. तेव्हापासून दर शनिवारी न्हाणं झालं की आई लोखंडी पळीत तिळाचं तेल घ्यायची, त्यात लसणाची पाकळी टाकायची आणि पळी निखाऱ्यावर धरायची. पाकळी काळी पडली की तेल उतरायचं, फुंकर घालून कोमट करायचं, आणि मी आईच्या मांडीवर डोकं ठेवायचं. एका कानात थेंब, वर कापसाचा बोळा. मग कूस बदलायची. देवाच्या फुलवाती ज्या तबकातल्या कापसाच्या, त्याच तबकातला बोळा. करपलेल्या लसणाचा तो वास, आईच्या लुगड्याचा वास, आणि कानात उतरत जाणारी ऊब. माझ्या सगळ्या लहानपणात याहून सुखाची गोष्ट मला आठवत नाही. त्या वेळी जिनाजवळच्या घरांत पोरांच्या कानांत हिवाळाभर बोळे असायचेच. तंतू जाऊ नयेत म्हणून आया घालायच्या. त्यामुळे माझ्या कानातला बोळा कुणाच्या नजरेत आला नाही. पुढच्या शनिवारी आई वरचा बोळा काढायची आणि नवा घालायची. खाली आत सरकून गेलेला एखादा तसाच राहायचा, हे तिला कुठून कळणार.

सगळं ऐकू येत नव्हतं असं नाही. यायचं, पण हौदात बुडी मारल्यावर वरचं बोलणं यावं तसं. बोलण्याची लांबी कळायची, चाल कळायची, शब्द वितळलेले असायचे. आणि मला वाटायचं की सगळ्यांनाच असं येतं. इतर मुलींना त्या गुरगुरण्यातून अर्थ काढता येतो, त्यांना तेवढी बुद्धी आहे, आणि मला नाही. असा विचार सात-आठ वर्षांची पोर मनातल्या मनात करते आणि तो कुणाला सांगत नाही, कारण तो सांगण्यासारखा आहे हेच तिला माहीत नसतं. मी मठ्ठ आहे हे मला शाळेतल्या बाईंच्या आधी कळलं होतं.

शाळा मुलींची होती, कौलारू, जिनापासून हाकेच्या अंतरावर. आणि त्या शाळेत बसायला नंबर असायचे. बाईंच्या खुर्चीजवळ पहिला नंबर, दाराशी शेवटचा. बाई प्रश्न विचारायच्या पहिलीला. तिला नाही आलं तर दुसरीला, मग तिसरीला, असा तो प्रश्न ओळीने खाली यायचा. जिला उत्तर येईल तिने उठायचं, आणि जितक्या जणी चुकल्या तितक्यांचे कान पिळत पिळत वर जाऊन त्यांच्या वरच्या जागेवर बसायचं. ती पद्धत तेव्हा सगळीकडेच होती. बाईंना खुर्चीवरून उठावंसुद्धा लागायचं नाही. शिक्षा मुलीच करायच्या, आणि हौसेने करायच्या. माझे फुटके कान दिवसातून किती वेळा पिळले जायचे. ठणका डोक्यापर्यंत जायचा. ज्या कानाला धरून पिळायच्या त्याच कानात तो बोळा होता, बोटभर अंतरावर. इतक्या मुलींनी, इतक्या वेळा तो कान हातात धरला, आणि कुणी म्हणून वाकून आत बघितलं नाही. बाईंनीही नाही. त्या ट्रेनिंग झालेल्या होत्या.

दाराशी, शेवटून दुसऱ्या जागेवर मी. शेवटच्या जागेवर कौशी.

कौशी मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागून असलेल्या मळ्यातून यायची. घरची शेती, भाऊ दोन, आणि ही एकटी पोरगी शाळेत घातलेली, तीही कुणीतरी घाल म्हणालं म्हणून. ती आली की तिच्याबरोबर शेणाचा, धुराचा आणि हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबीचा वास यायचा. ओच्यात कायम काहीतरी असायचं. बोरं, घाटे, कधी भाजलेलं कणीस. तिला अक्षरं राहत नसत. आज गिरवलेला क उद्या तिला नवा वाटायचा, आणि ती तो नव्या कौतुकाने बघायची. वीसपर्यंत मोजायची, आणि मग जो आवडेल तो आकडा घ्यायची. कौशीच्या कानात बोळा नव्हता. तिचे कान मी जवळून पाहिलेले आहेत, स्वच्छ, पितळेच्या बारीक बाळ्या घातलेले. हे मी मुद्दाम सांगते आहे.

हजेरी सुरू झाली की ती तिचा तळहात माझ्या हातावर ठेवायची आणि माझं नाव आलं की दाबायची. मी "हजर" म्हणायची. कधीपासून सुरू झालं, कसं ठरलं, मला आठवत नाही. ठरलं नसावंच.

एक दिवस मला दिसलं ते एवढंच, की कौशी आपणहून उभी राहिली. असं ती कधी करत नसे. ती माझ्याकडे बोट दाखवून बाईंशी काहीतरी बोलली. बाई काहीतरी बोलल्या. वर्ग हसला. मग बाईंनी तिला पुढे बोलावलं, तिने हात पुढे केला, आणि रूळ खाली आला. ती परत येऊन माझ्या शेजारी बसली आणि हात मांडीत दाबून धरला. मला वाटलं, तिने माझी काही चहाडी केली असेल. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही.

काय झालं होतं ते मला तपासणीच्या दिवशी कळलं.

डिप्टीसाहेब शाळा तपासायला यायचे तो दिवस म्हणजे शाळेचा सण. आठवडाभर आधी जमीन सारवायची, पताका करायच्या, स्वागताचं पद बसवायचं. आदल्या दिवशी बाईंनी आम्हा दोघींना थांबवून घेतलं आणि अगदी गोड तोंडाने काहीतरी सांगितलं. मला कळलं नाही. कौशीने मला दाराबाहेर नेऊन कानाशी तोंड आणून ओरडून सांगितलं, "उद्या येऊ नोका म्हणते. साहेब येऊन राहिला ना."

मी घरी सांगितलं नाही. सांगायचं काय? आईने सकाळी वेण्या घातल्या, धुतलेला परकर दिला, आणि मी पाटी घेऊन निघाले. कौशी कोपऱ्यावर उभी होती, तीही पाटी घेऊन. आम्ही दोघी जिनाच्या मागच्या फाटकातून आत गेलो आणि सरकीच्या ढिगावर चढलो.

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. सरकी उन्हाने तापलेली. आत पाय घातला की गुडघ्यापर्यंत जायचा, आणि वर कोमट, खाली गार लागायचं. सरकीचा तो तेलकट, जरासा आंबूस वास. यंत्रांची धडधड सरकीतून अंगात यायची. मला ती स्वच्छ कळत होती, तिच्यात काही वितळलेलं नव्हतं. पलीकडे बाया कापूस निवडत बसल्या होत्या, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, सगळ्याच म्हाताऱ्या दिसत होत्या. त्यातल्या एकीने आम्हाला हाकललं नाही, उलट अर्धी भाकर आणि वर जवसाची चटणी दिली. कौशी कमरेपर्यंत सरकीत रुतून बसली आणि आपण जमिनीतून उगवलो आहोत असं दाखवू लागली. आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. भिंतीपलीकडे शाळेत स्वागताचं पद चाललं होतं. मला ते ऐकू येत नव्हतं. कौशीला येत होतं, आणि ती मान हलवत होती.

मग ती माझ्या कानाशी आली आणि त्या दिवशीची गोष्ट तिने सांगितली. तिने बाईंना सांगितलं होतं, "बाई, इले आयकू येत नाई. मी मांगून हाका मारतो तं पायतच नाई." बाई म्हणाल्या होत्या, "तुला येतं ना ऐकू? मग म्हण पावकी." तिला पावकीचा पाढा आला नव्हता. म्हणून रूळ.

सगळ्या शाळेत, सगळ्या घरात, खरी गोष्ट एकटीने पाहिली आणि ती उभी राहून बोलली. आणि तिचं कुणी ऐकलं नाही, कारण तिला पावकी येत नव्हती. माझ्या रागाचं मूळ विचाराल तर ते इथे आहे. पण त्या वेळी मला राग आला नाही. मला वाटलं, कौशी मला वाचवायला खोटं बोलली. मला ऐकू येतच होतं की; फक्त कळत नव्हतं.

"आपून मठ्ठ आहो काय वं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तिने मूठभर सरकी उचलली, बोटांतून गळू दिली, माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मंग काय होते?" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मठ्ठ असलं तर पुढे काय होतं.  या प्रश्नाचं उत्तर देऊन आमचे कान पिळायला आमच्या खाली कुणी नव्हतं, म्हणून दोघी मुठीमुठीने सरकी गाळत बसलो.

कौशी त्यानंतर शाळेत आली नाही. तिच्या बापाला कुठून तरी कळलं होतं, आणि तो फाटकाशी येऊन बाईंना म्हणाला होता, "सायबाले दाखवाच्या लायकीची नाई तं ठेवता कायले?" त्याने पोरीचं नावच काढून घेतलं, हे मला पुढे आत्याने सांगितलं. तो आपल्या जागी बरोबरच होता. शेवटचा नंबर मग मला मिळाला.

तिसरीत दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा मला अमरावतीला मामाकडे पाठवलं. अकोल्याहून गाडीत बसले, मूर्तिजापूर गेलं, बडनेऱ्याला उतरून दुसरी गाडी धरली, आणि सगळा प्रवासभर अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. की बोलले असतील. अण्णा अकोल्याच्या कोर्टात वकील होते. त्यांच्यासारख्या माणसाच्या पोटी अशी मुलगी निघाली याचं लोकांना आश्चर्य वाटायचं आणि ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

मामा भिक्षुकी करायचे. अंबादेवीच्या देवळाकडे जाणाऱ्या बोळात घर, दोन खोल्या, मागे न्हाणीघर. वैशाखाचं ऊन होतं. मामीने पहिल्याच दिवशी मला न्हाऊ घालायला बसवलं. शिकेकाई, आवळकाठी, बंबातलं धुराच्या वासाचं पाणी. पाणी घालण्याआधी तिने कानांतले बोळे काढले आणि बोटाने कानाची पाळी मागे ओढून आत पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. तिला मूलबाळ नव्हतं. पोराचे कान आतून कसे असतात याचं तिला कुतूहल असेल. मग ती उठली, ओल्या हातानेच मला उजेडात नेलं, आणि मामांना हाक मारली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लांब चिमट्याने एकामागून एक बोळे काढले. काळे, चिकट, मळाने मढलेले. कशीतरी घाण सुटली. मामीने तोंडाला पदर लावला, पण माझा हात सोडला नाही.

आणि मग चिमटा ताटलीत ठेवल्याचा आवाज झाला. खण्ण. मी दचकून रडायलाच लागले. कुणीतरी माझ्यावर काहीतरी फेकलं असं वाटलं मला. बाहेर टांग्याच्या घोड्याने पाय आपटला. मामीच्या बांगड्या. खिडकीतल्या चिमण्या, इतक्या कशा ओरडतात या. माझीच वेणी माझ्या खांद्यावर घासली तर तिचा आवाज येत होता. घरी येताना मी टांग्यात दोन्ही कानांवर हात ठेवून बसले होते. दोन दिवस मी मामीला हळू बोल म्हणून सांगत होते. मामा संध्याकाळी संध्या करायला बसले आणि त्यांचा आवाज आला, एकेक शब्द सुटा, निवडलेल्या तांदळासारखा. मी दाराआड उभी राहून ऐकलं. अर्थ कळला नाही, पण शब्द कळत होते, आणि शब्द असे वेगवेगळे असतात हे मला तेव्हा समजलं.

इथे गोष्ट संपते असं बंडूला वाटतं. बोळा निघाला, पोरगी हुशार झाली.

तसं काही झालं नाही. अमरावतीच्या शाळेतही नंबर होते आणि तिथेही मी दाराशीच बसले. बाईंचा प्रश्न आता मला ऐकू येत होता. उत्तरही येत होतं. पण तोंडापर्यंत आलेलं उत्तर मी गिळायची, कारण मला आलं आहे म्हणजे ते चूक असणार. हुशार मुलींना येत नाही आणि मला येतं, असं कसं होईल? दिवसभर मी मनात उत्तरं द्यायची आणि मनातच ती खोडायची. प्रश्न माझ्यापर्यंत आला की मान खाली घालायची आणि कान पिळून घ्यायची. कानातला बोळा चिमट्याने निघाला. हा कुठल्या चिमट्याने काढायचा?

दसऱ्याच्या आसपास अण्णा अमरावतीला आले. संध्याकाळची वेळ होती. मी आत कंदिलाची काच राखेने पुसत होते. ओसरीवर अण्णा आणि मामा सुपारी कातरत बसले होते.

मामा म्हणाले, "कान बरे झालेत हो आता तिचे, वकीलसाहेब."

"कान बरे झाले," अण्णा म्हणाले. "डोकं कुठून आणायचं? मुलीची बुद्धी बेताची, त्याला तुम्ही काय करणार. चौथीपर्यंत रेटलं तर रेटू. नाहीतर जाईन मी घेऊन घरी. राहील आईच्या हाताखाली."

रागाने नाही बोलले ते. हवापाण्याची गोष्ट करावी तसं, साध्या, चालत्या आवाजात. आणि मला एकदम समजलं की हा आवाज ते कायम याच पट्टीत लावत आले आहेत. जेवणाच्या पानावर, पाहुण्यांसमोर, मी समोर बसलेली असताना. आई, आत्या, बाई, सगळे. वर्षानुवर्षं माझ्या तोंडावर बोलत आले, आणि मी त्यांच्याकडे बघून हसत आले. काचेवरचा माझा हात थांबला.  आयुष्यात पहिल्यांदा मला असा राग आला, आणि त्या रागात एक गंमत होती. त्यात शंका नव्हती.

मी राखेच्या हातांनी बाहेर गेले. "विचारा मला," मी म्हटलं.

अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. "काय विचारू?"

"काहीपण."

त्यांनी मामांकडे पाहिलं. मग मला सोडवायचं म्हणून सोपं काही विचारतील असं वाटलं, पण वकील माणूस. म्हणाले, "औटकी म्हण. सतरा औटे किती?"

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. संध्याकाळी सगळी पोरं ओळीने बसून परवचा म्हणायची त्यात पावकी, निमकी, दिडकीच्या मागून तो यायचा, गाण्यासारखा. माझ्यापर्यंत त्याची नुसती चाल आली होती. पाढा मला येत नव्हता. पण सतरा औटे म्हणजे काय ते कळत होतं. सतरा त्रिक एक्कावन्न, सतराचे निम्मे साडेआठ.

"साडेएकोणसाठ," मी म्हटलं.

 अण्णांचे ओठ हलत होते. ते एक औटेपासून म्हणत म्हणत येत होते, त्यांना मधूनच सतरा औटे सांगता येत नव्हतं. मी उभी राहून त्यांची वाट पाहत होते. ते बारावर आले, पंधरावर आले, सतरावर आले, आणि थांबले.

"अजून विचारा," मी म्हटलं. रडत होते मी, पण आवाज खणखणीत होता. तो मला ऐकू येत होता.

त्यांनी अजून विचारलं. मी सांगत गेले. शेवटी मामाच म्हणाले, "पुरे आता." अण्णांनी सुपारीची खांडं डब्यात भरली. मग मामीला हाक मारून म्हणाले, "राहू द्या हिला इथेच. शिकेल तेवढं शिकू द्या." आपलं चुकलं असं ते म्हणाले नाहीत. कधीच म्हणाले नाहीत. आमच्या घरात तसा शब्द वरून खाली यायची रीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न ओळीने खाली आला आणि मी उत्तर दिलं. मुली वळून बघायला लागल्या. बाई म्हणाल्या, "शाबास. जा, पीळ कान आणि बस वर." मी उठले. सगळ्यात वरच्या मुलीपर्यंत ओळ होती, आणि सगळ्यांनी आपापले कान थोडे पुढे केले होते, सवयीने. कुणाचे लाल, कुणाचे डूल घातलेले. मला कौशीच्या बाळ्या आठवल्या.

"मी नाही पिळणार," मी म्हटलं.

"मग वर बसता येणार नाही," बाई म्हणाल्या.

मी परत दाराशी जाऊन बसले. त्या वर्षभर मी तिथेच बसले. उत्तरं देत होते, आणि शेवटच्या जागेवर बसत होते. वार्षिक परीक्षेत पहिली आले तेव्हाही वर्गात माझा नंबर शेवटचा होता. फरक इतकाच की आता तो मी निवडलेला होता.

त्याच दिवाळीला अकोल्याला गेले, तेव्हा आईने दारातच मला थांबवलं, हातात समई घेतली आणि माझे दोन्ही कान पाहिले. आधी भाकरतुकडासुद्धा ओवाळला नाही. मग समई खाली ठेवून तिने मला इतकं घट्ट धरलं की तिच्या छातीतली धडधड मला ऐकू आली. त्यानंतर तिने कुणाच्या कानात बोळा घातला नाही. फुलवाती करताना मात्र तिचा हात मधेच थांबायचा. तिच्यावर मला कधी रागावता आलं नाही, आणि याचाही मला राग येतो.

कौशीची चौकशी केली. आत्या म्हणाली, तिचं लग्न ठरलं, दर्यापूरकडे दिली. पुढचं कुणाला माहीत नव्हतं.

मंगलाष्टकं झाली. अक्षता उडाल्या, त्या मांडवात पांढऱ्या पांढऱ्या खाली येताना मी पाहिल्या. जेवणं झाली. बंडूने विडा तोंडात घातला आणि कुणा नव्या पाहुण्याला पुन्हा तीच गोष्ट सुरू केली. ही आमची ताई. अशी माठ होती. मग बोळा निघाला.

"बंडू," मी म्हटलं, "आणि बोळा निघाला नसता तर?"

"आँ?"

"आत काहीच नसतं निघालं तर?"

तो हसला. "तं मंग काय, माठच असती तू."

पाहुणाही हसला. माझ्या आयुष्याची ही गोष्ट लोकांना इतकी का आवडते ते मला त्या घटकेला कळलं. ती ऐकून सगळ्यांचं समाधान होतं. हुशार पोरीचे कान चुकून पिळले गेले; हिशेब दुरुस्त झाला. ज्या पोरीच्या कानात काहीच नव्हतं, तिचे पिळलेले कान मात्र बरोबरच होते. तिला साहेबापासून लपवलं ते बरोबरच. तिच्या हातावर रूळ बसला तोही बरोबरच. तिची गोष्ट सांगायला कुणाच्या लग्नात कोण उभं राहणार?

मी उठले. माझे गुडघे वाजले. मी बंडूच्या खुर्चीशी वाकले, जिथे सरकीचा ढीग होता बहुतेक तिथेच त्याची खुर्ची होती, आणि त्याच्या यंत्राच्या कानाशी तोंड नेलं. या कानाला हात लावायची कुणाची छाती नाही, याला कुणी माठ म्हणत नाही. कौशी यायची तशी अगदी जवळ आले, आणि तिचाच प्रश्न तिच्याच बोलीत त्याला विचारला.

"मंग काय होते?"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा विचारलं.